राईचा पर्वत

कोजागिरीला चंद्र अर्धा होता, आणि त्याला जबाबदार मी होतो.

२१ ऑक्टोबर २०२३, शनिवारची रात्र. पिट्सबर्गजवळच्या एका हॉलच्या पार्किंगमध्ये साठ-सत्तर मराठी माणसं जाकिटं घालून, कागदी पेल्यातलं मसाला दूध हातात धरून वर बघत होती. वर सुरीने कापल्यासारखा बरोब्बर अर्धा चंद्र. नवरात्र चालू, दसरा अजून तीन दिवसांवर, निम्म्या बायकांचे उपास. कुणाच्या तरी आई नुकत्याच साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी एकदा आकाशाकडे, एकदा पेल्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही कोजागिरी कसली? ही तर अष्टमी." दुपारपासून दूध आटवत बसलेल्या ताईंनी माझ्याकडे बघून पुढचं वाक्य पूर्ण केलं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी चारोळी चघळत उभा राहिलो.

खरी कोजागिरी २८ तारखेला होती. ती आठवडाभर अलीकडे ओढली मी, कारण २८ तारखेच्या रात्री आमच्या गावचा बेसबॉल संघ, पायरेट्स, मोसमाची अंतिम मालिका म्हणजे वर्ल्ड सिरीज खेळत असणार होता. हे मी ३० एप्रिललाच ओळखलं होतं.

एवढी मजल कशी गेली हे सांगायचं तर व्हिस्कीपासून सांगावं लागेल.

मी ह्या गावात आलो २००८ साली. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या लोकांनी मला बारमध्ये नेलं आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियात आलास तर राय प्यायलाच हवी म्हणून एक छोटा ग्लास पुढे ठेवला. मी सोडा मागितला, बर्फ मागितला, तरीही पहिला घोट घेतल्यावर लहानपणी ओव्याचा अर्क पाजायचे त्याची आठवण झाली. घसा चरचरला. मी ग्लास सरकवला आणि जाहीर केलं की हे खोकल्याचं औषध आहे. एका घोटावर निकाल. त्यानंतर सात वर्षं मी रायच्या वाटेला गेलो नाही, आणि ह्या सात वर्षांत जिथे विषय निघेल तिथे "राय फालतू असते" हे मत मात्र मोफत वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "राईची? म्हणजे मोहरीची दारू?" तिला समजावलं की राय हे गहू-सातूच्या जातीचं थंड मुलखातलं धान्य आहे, काळपट दाण्याचं, हलक्या जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीतही तग धरणारं. जर्मन मुलखातून आलेले शेतकरी ते पेनसिल्व्हेनियात पेरायचे. डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात धान्याची पोती नेणं परवडायचं नाही, म्हणून त्याची दारू गाळायची आणि पिंपं घोड्यावर लादायची. पैशाच्या जागी व्हिस्कीच चालायची. १७९१ मध्ये सरकारने तिच्यावर कर बसवला, तेव्हा ह्याच भागात दंगल पेटली आणि १७९४ मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले. पुढे राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर त्याच वॉशिंग्टननी माउंट व्हर्ननला स्वतःची भट्टी घातली आणि रायचीच दारू गाळली, हा त्यातला गमतीचा भाग. आईने सगळं ऐकून घेतलं आणि "फार पिऊ नकोस" एवढंच म्हणाली.

सात वर्षांनी मत बदललं ते शेजाऱ्यामुळे. आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. आयुष्य पोलाद कारखान्यात गेलं, आता एकटेच असतात. उन्हाळ्यात ओसरीवर रेडिओ लावून बसतात आणि बेसबॉल ऐकतात. टीव्हीवर बघत नाहीत. १९२१ मध्ये रेडिओवरून पहिला मोठा बेसबॉल सामना ह्याच गावातून सांगितला गेला, तेव्हा ऐकायचा तर असाच, असं त्यांचं म्हणणं. हातात पेन्सिल, मांडीवर स्कोअर लिहायची लांबट वही, बाजूला राय. बाटलीच्या लेबलावर कपाळाला आठ्या घातलेले एक आजोबा: एब्राहम ओव्हरहोल्ट. इथून तासाभराच्या अंतरावर वेस्ट ओव्हर्टन नावाचं गाव आहे, तिथे ह्या ओव्हरहोल्टांची भट्टी होती. पोलाद-कोळशातला तो बलाढ्य हेन्री क्ले फ्रिक त्यांचाच नातू, जन्मही तिथलाच. ब्रँड पेनसिल्व्हेनियाचा, पण आता बाटली भरली जाते केंटकीत.

शेजारीबुवांनी मला चहाच्या चमच्याएवढी ओतून दिली. "नाक खुपसू नकोस," ते म्हणाले, "लांबून वास घे. पहिला घोट तोंड धुण्यापुरता. दुसऱ्यालाही काही बोलू नकोस. तिसऱ्याला बोल." तिसऱ्या घोटाला ओवा गेला आणि मागून मिरी, लवंग, मग काकवी असं एकेक येत गेलं. ही लवंग धान्यातली नसते हे मला पुढे कळलं. ती पिंपाची. अमेरिकेत राय म्हणवून घ्यायचं तर निदान ५१ टक्के राय हवी आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरायला हवी, असा कायदाच आहे.

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. पण माझ्यातला धर्मांतरित जागा झाला. मी वही केली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, पुण्याहून आणलेली. पुढून व्हिस्की, मागून बेसबॉल. पुढच्या बाजूला प्रत्येक बाटलीला १०० पैकी गुण. "पहिल्यांदा शेपू, मग ओली माती, शेवट खारकेवर" अशी वाक्यं मी त्यात लिहिली आहेत आणि ती माझ्याच अक्षरात आहेत, म्हणजे नाकबूलही करता येत नाही. शेपू मात्र खोटा नव्हता. इंडियानातल्या एका मोठ्या भट्टीत ९५ टक्के रायची व्हिस्की बनते आणि ती अनेक ब्रँड आपापल्या लेबलाखाली विकतात. तिला शेपूचा वास येतो असं बरेच जण म्हणतात. मी ते आधी वाचलं होतं आणि मग मला तो आला होता. हा क्रम लक्षात ठेवा.

ह्या काळात मी अज्ञानाचाही बराच प्रसार केला. बाटल्या वाइनसारख्या आडव्या ठेवल्या आणि एका महाग बाटलीचं बूच आतून कुजवून गाळून प्यायलो. उन्हाच्या खिडकीत मांडल्या, छान सोनेरी दिसतात म्हणून. इथल्या मराठी मंडळाच्या एका पार्टीत, आपल्याकडच्या बाटलीवर ७५ प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल असतं तेव्हा इथलं १०० प्रूफ म्हणजे ५७ टक्के, असं त्रैराशिक मांडून सगळ्यांना घाबरवलं. आपल्याकडचं प्रूफ ब्रिटिश हिशेबाचं असतं. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट, १०० म्हणजे ५०. तिथे एक रसायनशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी हे मला सगळ्यांसमोर नाही सांगितलं, कोट घेताना दारात सांगितलं. त्यांचे उपकार आहेत.

शेजारीबुवांच्या ओव्हरहोल्टला मी वहीत ५० गुण दिले होते. शेरा: "साधी, एकसुरी." स्वस्त होती, दुसरं काय.

२०२१ च्या जानेवारीत, घरात कोंडून कंटाळलो असताना, बायको म्हणाली, एवढं कळतंय तर डोळे मिटून सांग. तिने स्वयंपाकघरात चार सारखे ग्लास भरले, खाली चिकटपट्टीवर आकडे घातले आणि ट्रे आणून ठेवला. मी पंधरा मिनिटं घेतली. प्रत्येकाचा वास, रंग, घोट, मध्ये एक घास चिवडा. पहिल्या ग्लासला ६१: "कच्ची, उग्र, पिंपात पुरेशी मुरलेली नाही." चौथ्या ग्लासला ८८: "भरदार. जायफळ. बहुधा सहा वर्षांची, नक्कीच १०० प्रूफ."

बायकोने वही घेतली, दोन्ही शेरे मोठ्याने वाचले आणि आत जाऊन बाटली आणली. पहिला आणि चौथा ग्लास एकाच बाटलीतले होते. लेबलावरचे आजोबा आठ्या घालून माझ्याकडे बघत होते.

कारण अगदी साधं आहे. कोरड्या तोंडाला पहिला घोट नुसता पोळतो, तेव्हा पहिला ग्लास मार खाणारच. चौथ्यापर्यंत जीभ सरावलेली असते, अंमलही चढलेला असतो आणि चिवड्याच्या तिखटामिठाने उरलेलं काम केलेलं असतं. तज्ज्ञ लोक म्हणूनच ग्लासांचा क्रम बदलून परत चाखतात. शेजारीबुवांनी तर हे आधीच सांगितलं होतं: तिसऱ्याला बोल.

ह्यानंतर माणूस शहाणा होतो असा समज आहे.

आता वहीची मागची बाजू. बेसबॉलमध्ये मी पडलो तोच चुकीच्या पायावर. २००८ च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या दोन पोरांना करारबद्ध केलं. भारतातल्या एका टीव्ही स्पर्धेतून, वेगाने चेंडू फेकणारे म्हणून निवडलेले. ऑफिसात मी एकटाच भारतीय, तेव्हा सगळे मलाच विचारू लागले. मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडे गल्लीबोळात क्रिकेट असतं, खांदे तयारच असतात. दोघंही भालाफेकपटू निघाले.

त्यानंतर मी निमूटपणे खेळ शिकलो. शंभरात सत्तावीस वेळा फटका जमला तर फलंदाज चांगला, हे पचायला दोन वर्षं गेली. एक संघ मोसमात १६२ सामने खेळतो हे पचायला त्याहून जास्त. शेजारीबुवा म्हणायचे, "सगळेच ५४ जिंकतात, सगळेच ५४ हरतात. उरलेल्या ५४ चं काय करता ते बघायचं." आणि ह्या संघाने काय केलं? १९९३ ते २०१२, सलग वीस मोसम हारजितीच्या हिशेबात उणे. मी आलो तेव्हा त्यातलं सोळावं वर्ष चालू होतं. २०१३ मध्ये एकदाची साडेसाती संपली, तीन वर्षं बरी गेली, मग पुन्हा गाडी रुळावरून खाली.

आणि मग २०२३ चा एप्रिल आला.

जुना लाडका अँड्रू मॅककचन पाच वर्षांनी परत आला होता. घरच्या पहिल्या सामन्यात तो बॅट घेऊन आला तेव्हा लोक बसायलाच तयार नव्हते. हाडं गोठवणारी थंडी, मी उजवीकडच्या त्या २१ फुटी भिंतीच्या वर बसलेलो. २१ हा संघाच्या जुन्या थोर खेळाडूचा, रॉबर्टो क्लेमेंटेचा आकडा, भिंतीची उंची त्याच्यासाठी तेवढी ठेवली आहे. दोनच दिवसांनी तरणाबांड ओनील क्रूझ होम प्लेटवर घसरताना घोटा मोडून बसला, तरी संघ जिंकतच राहिला. २६ तारखेला ड्रू मॅगी खेळला. स्पेलिंग तेच, आपल्या नूडल्सचं. दोन मिनिटांत होणाऱ्या पदार्थाचं नाव आणि हा माणूस तेरा मोसम, हजाराहून जास्त सामने, खालच्या लीगमध्ये बसने हिंडत वाट बघत होता. तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरला, तोही मॅककचनच्या जागी, आणि स्ट्राइक आउट झाला. पूर्ण स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी रडलो. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने मला त्याचा रुमाल दिला.

शनिवारी, २९ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये एका दिवसात दोन सामने होते. दोन्ही जिंकले. दुसऱ्यात १६-१, आणि त्यात मॅगीला पहिला फटका मिळाला. २० विजय, ८ पराभव. मी ओसरीवर गेलो. हातात माझी बाटली, भारीतली. शेजारीबुवा पेन्सिलने चौकोन भरत होते. मी आकडेवारी सुरू केली. एवढ्या गतीने वर्षाला ११५ विजय होतात वगैरे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अजून एप्रिल आहे, पोरा."

मी म्हणालो, "वीस वर्षांत तुम्हा लोकांना हरायची सवयच लागलीय. जिंकताना बघवत नाही."

त्यांनी वही मिटली, रेडिओ उचलला आणि आत गेले. मी मनात म्हटलं, म्हातारा चिडला. घरी येऊन लाल वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं: "ऑक्टोबर नक्की." खाली तारीख, सही. सही! कुणासाठी, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मंडळाची बैठक. हॉल आत्ताच अडवायला हवेत, नाहीतर मिळत नाहीत. कोजागिरीचा विषय निघाला आणि कुणीतरी २८ ऑक्टोबर म्हणालं. मी उठून उभा राहिलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी वर्ल्ड सिरीज असते, सगळं गाव मैदानावर असेल, आपली तरुण मुलं येणार नाहीत, एकवीस तारखेलाच करून टाकू, पौर्णिमा काय आसपासच असते. हॉलचं भाडं २१ ला थोडं कमी होतं, तेवढ्यावर बाकीचे गप्प बसले. समोरच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. मी त्याकडे पाठ करून बोलत होतो. बेसबॉलचं वेळापत्रक मात्र फोनवर उघडं होतं.

त्याच दुपारी पायरेट्स हरले. मग टँपाने तिन्ही सामने घेतले, मग टोरांटोने आमच्याच घरात येऊन तिन्ही. सलग सात. जूनमध्ये सलग दहा. मोसम संपला तेव्हा ७६ विजय, ८६ पराभव. मध्यंतरी तारीख बदलता येईल का विचारायला मी हॉलवाल्यांना फोन केला होता. २८ ला तिथे एका लग्नाची पार्टी ठरली होती.

२८ च्या रात्री मी घरीच होतो. टीव्हीवर टेक्सास आणि ॲरिझोना खेळत होते. ॲरिझोनाने ९-१ ने मारलं. जाहिरातीच्या वेळी मागचं दार उघडलं. ढगांमधून मध्येच पूर्ण चंद्र, ताटाएवढा. बायको मागून म्हणाली, "दूध तापवू का?" मी दार लावून घेतलं.

पण अर्ध्या चंद्राचं एवढं मनाला लागलं नाही. लोक आठ दिवस हसले, आजही हसतात, मंडळाच्या ग्रुपवर दर अष्टमीला मला कुणीतरी "कोजागिरीच्या शुभेच्छा" पाठवतं. लागलं ते दुसरंच. नोव्हेंबरात शेजारीबुवांची मुलगी आली होती. माळ्यावरची खोकी खाली उतरवायला तिने मला हाक मारली. एका खोक्यात स्कोअरच्या वह्या होत्या, सालवार. मी १९९८ ची उघडली. त्यात दोन अक्षरं होती. बहुतेक पानं बुवांच्या जाड पेन्सिलीतली आणि दर रविवारची बारीक, गोलसर. "ही आई," मुलगी म्हणाली. "रविवारी ती लिहायची, म्हणजे बाबांना नुसतं बघता यायचं." ती २०११ मध्ये गेली. पुन्हा जिंकलेलं वर्ष तिने बघितलंच नाही. हरायची सवय लागलीय, असं मी ज्या माणसाला त्याच्या ओसरीवर, त्याच्या खुर्चीत बसून म्हणालो होतो, त्याच्या त्या वीसही वर्षांच्या वह्या माझ्या हातात होत्या. पुठ्ठ्याला ओलीचा वास होता. एका रविवारच्या पानावर, निकालाच्या शेजारी तिने मोहरीचा डाग पडलाय त्याला गोल करून "हॉट डॉग" असं लिहिलं होतं.

मी माफी मागायला गेलो तेव्हा दहा मिनिटं पायरीवर उभं राहून तयार केलेलं इंग्रजी वाक्य म्हणालो. त्यांनी ते संपायची वाटही बघितली नाही. "बर्फ पडणार आहे उद्या," म्हणाले. "फावडं आहे का तुझ्याकडे?"

२०२४ मध्ये संघाने पहिल्या अकरातले नऊ सामने जिंकले. शेवटी आकडा पुन्हा तोच झाला, ७६-८६, पण ते पुढे. त्या एप्रिलमध्ये ते नऊ विजय ऐकत आम्ही ओसरीवर बसलो होतो. ग्लासात ओव्हरहोल्ट. तिला मी अजून नवे गुण दिलेले नाहीत, वही कपाटात आहे. रेडिओवर निवेदकाचा आवाज चढत चालला होता. मी तोंड उघडलं नाही. जिभेवर ९-२ हा आकडा नुसता वळवळत होता, तो घोटाबरोबर गिळला.

सातव्या डावानंतर बुवा पेन्सिलीचं टोक बघत म्हणाले, "तुमची ती चंद्राची पार्टी ह्या वर्षी केव्हा?"

"१६ ऑक्टोबर. बुधवार." ह्या वेळी कालनिर्णय ताईंच्या ताब्यात होतं आणि वार कुठलाही असो, पौर्णिमेलाच करायचं असा ठरावच झाला होता.

ते थोडा वेळ चौकोन भरत राहिले.

"बुधवार," ते म्हणाले. "म्हणजे सामना रात्री असणार. दूध आधी उरकून घ्या."